वरच्या मजल्यावरचं विमान

प्रमिलाताई सोनकांबळे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की पाणी यायच्या आधी प्लगपॉइंट बघायच्या. घर कसं लावलंय, पडदे कुठून आणले, मुलं कितवीत आहेत, हे सगळं नंतर. आधी चष्मा नाकावर ओढून भिंतीपाशी वाकायचं, पर्समधून टेस्टर काढायचा आणि यजमानीण ट्रे घेऊन उभी असतानाच निकाल द्यायचा, "ह्याला अर्थिंग नाही. ह्याच्यावर मिक्सर लावता? नका लावू." त्या बिचारीला चहा पुढे करावा की ट्रे घेऊन परत जावं, तेच कळायचं नाही.

ताईंची सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या हैदराबाद कचेरीत, आगीच्या क्लेमच्या विभागात झाली. दुकान जळालं, गोदाम जळालं, की तिथे जाऊन राखेत उभं राहायचं आणि आग कशानं लागली ते शोधून काढायचं, हे त्यांचं सर्वेयरचं काम. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, पण ही नजर काही सुटली नाही. "जळाल्यावर लई घरं बघितली मी," त्या म्हणायच्या, "आता जळायच्या आधी बघते. त्यात कुणाचं काय जातंय?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती तक्रार करायला म्हणून. मी मूळची पुण्याची. हैदराबादला एका ॲनिमेशन स्टुडिओत नोकरी लागली आणि नल्लकुंट्यात एका जुन्या तीनमजली इमारतीत जागा घेतली. सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा आडवं व्हावं, तर वरच्या मजल्यावरून विमान सुटायचं. विमानासारखा आवाज नव्हे, चक्क विमान. आधी घरघर, मग चढत जाणारा सूर, आणि मग माझ्या मांडणीतल्या काचेच्या बरण्या थरथरायला लागायच्या. काही रविवार सोसलं आणि एकदा तणतणत वर गेले.

बेल वाजवली, पण दार उघडंच होतं. हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली संगणकाचा भलामोठा पडदा, आणि पडद्यासमोर सुती साडीतल्या एक ठसठशीत बाई, हातात वैमानिकाचा असतो तसला दांडा. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "बेल कायको वाजवलीस? टेकऑफ चालू आहे. बस तिथं."

मी बसले. भांडायला आलेय हे सांगायचं राहूनच गेलं.

पडद्यावर बेगमपेटचा जुना विमानतळ मागे पडत होता. नवा विमानतळ त्यांना कधी आपला वाटला नाही. लहानसं विमान वायव्येला वळलं, शहर संपलं, खडक आणि तळी मागे गेली आणि बऱ्याच वेळानं एक वळणावळणाची नदी आली. "मांजरा," ताई म्हणाल्या. नांदेड जिल्ह्यात, त्या नदीच्या काठी त्यांचं गाव. आजोबा कामाच्या शोधात हैदराबादला आले, ताईंचा जन्मही इथलाच, पण सुट्टीत गावी जाणं असायचं. आता तिथे घर नव्हतं, माणूसही नव्हतं. तरी ताई सवड मिळेल तेव्हा संगणकावर विमान काढायच्या, गावावर एक घिरटी मारायच्या आणि न उतरता परत यायच्या.

"आमची वस्ती गावाच्या भाईर होती," त्यांनी बोटानं दाखवलं. "मधे ओढा. लहानपणी तो ओढा म्हंजे केवढा वाटायचा. इथून बघ. हे गाव, ही वस्ती. वरून सगळं एकच दिसतंय का नाही?"

पुण्याच्या माझ्या घरात अशा ओढ्यांबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. मी आपलं म्हटलं, "झाडं किती छान दिसतात."

"ती काय फुकट दिसत नाहीत," ताई म्हणाल्या. "त्याला मेमरी लागते. कॉम्प्युटरात मेमरीच्या कांड्यांना चार घरं असतात, चारी भरून टाकलीत." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "काकू म्हणू नको बरं का. मी कुण्या काकाची बायको म्हणून प्रसिद्ध नाही. ताई म्हण. आन आता खाली चल, तुझे प्लगपॉइंट बघू."

अशी ओळख झाली.

पुढच्याच वर्षी आमच्या स्टुडिओनं हैदराबादची शाखा बंद केली. एका शुक्रवारी सगळ्यांना बोलावून गोड शब्दांत घरी पाठवलं. बाबांचा फोन आला, "झालं ना करून हैदराबाद? ये आता. तुझी खोली आहे, ओळखीत नोकरीही आहे." बाबा काही वाईट बोलत नव्हते. पण परत गेले असते तर त्या ओळखीतल्या नोकरीत बसून राहिले असते, आणि मला तर चित्रं हलवायची होती. एवढ्यात बंगळुरूच्या एका कंपनीनं विचारलं, संग्रहालयांसाठी जुन्या वास्तूंच्या छोट्या फिल्म करशील का? आधी एक नमुना करून दाखवायचा, एका पडक्या बावडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, पाण्यासकट. पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही पडला तर पुणे होतंच.

स्टुडिओतला संगणक स्टुडिओबरोबर गेला होता. माझ्याकडे एक म्हातारा लॅपटॉप तेवढा होता. साठवलेले सगळे पैसे घालून स्वतःचं मशीन जुळवून घ्यायचं ठरवलं आणि काय काय घ्यायचं ते मोठ्या हौसेनं ताईंना ऐकवलं. बाजारातलं सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड, समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे, आणि दिवे लागणारी एकच मेमरीची कांडी.

"हे कुणासाठी?" ताईंनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"तुला ओळखते का ही कॅबिनेट? नाही ना? मग आधी स्पॉट बघू."

स्पॉट बघणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. ताई मटाराची पिशवी घेऊन आल्या, माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही असं समज. काम कर." दुपारभर मी त्या लॅपटॉपवर काम करत होते आणि त्या शेंगा सोलत माझ्याकडे बघत होत्या. मध्येच उठून खिडकीतून ऊन कुठवर येतं ते बघितलं. टेबलावरून बोट फिरवून धूळ बघितली. संध्याकाळी निकाल दिला.

"तुझं काम पसरट आहे, मृणाल. तू काही बंद करतच नाहीस. दगडाचं चित्र उघडं, पाण्याचं उघडं, त्या पानाचं उघडं, वर आन गाणी चालू. गॅसची शेगडी केवढी पण मोठी आण, ओटा जर हातभरच असला तर पुरणाचा स्वयंपाक मांडशील कुठं? तुला ओटा पायजे. कार्ड एक पायरी खालचं घे आन उरलेले पैसे मेमरीत घाल. एक कांडी नको, जोडी घे. माझ्यात आहेत त्याच कंपनीच्या, त्याच वेगाच्या. त्या वापरून बघितलेल्या आहेत. आन दोन घरं रिकामी ठेव. काम वाढेल तुझं."

काम वाढेल तुझं, हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, जणू मटार महाग झालेत असं सांगताहेत. नोकरी गेल्यापासून माझ्याबद्दल असं कुणीच बोललं नव्हतं.

सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात आम्ही दोघी गेलो. माझा जीव अजून त्या काचेच्या कॅबिनेटमध्ये अडकला होता आणि दुकानदारानं ते बरोबर हेरलं. "ये देखो मॅडम, सामने पूरा काच, अंदर लाइटां इच लाइटां."

"लाइटां घर में हैं मियाँ," ताई म्हणाल्या. "हवा किधर से अंदर जाती, वो बताओ."

त्यानं कॅबिनेट फिरवून फिरवून बघितली. हवा जायला जागाच नव्हती. मग पॉवर सप्लायची पाळी आली. त्यानं एक स्वस्तातला काढला, ताईंनी तो हातावर तोलला आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. "गोदामां जलते देखे हैं मैंने इससे. अच्छावाला निकालो." त्यानं मुकाट्यानं आतून दुसरा आणला आणि मला हळूच म्हणाला, "आपकी अम्मी बहुत सख्त हैं जी."

"अम्मी नहीं," ताईंनी ऐकलं होतं, "सर्वेयर."

जोडणी त्यांनी माझ्याच हातून करून घेतली. आधी घरमालकाच्या मागे लागून अर्थिंग दुरुस्त करून घेतलं. घरमालक तेलुगूत कुरकुरला, ताईंनी त्याला तेलुगूतच गप्प केलं. मग मला बांगडी काढायला लावली, अंगातली वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला लावला आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. मेमरीची कांडी तिच्या घरात बसवताना मी एकदम दाबायला निघाले. "हल्लू," ताई म्हणाल्या. "दोन्ही अंगठ्यांनी. नक्को, जोर नको. सरळ बसली की ती आपणहून सांगते." आणि खरंच, टक् असा बारीक आवाज झाला. तो आवाज मला आजही कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो.

बावडीचं काम जोरात सुरू झालं. दगड झाले, पाणी झालं. मग मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय, पायऱ्यांवर वेली हव्यात, कठड्यावर पिंपळ हवा. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे मेमरी मात्र लागत होती. नमुना सोमवारी सकाळी पाठवायचा होता आणि शनिवारी सकाळी मशीन अर्ध्या कामात थांबायला लागलं. ओटा भरला होता.

दोन घरं रिकामी होतीच. मी रिक्षा करून बाजारात धावले. ताईंनी सांगितलेल्या कंपनीची जोडी कुठेच नव्हती. एका दुकानदारानं दुसऱ्याच कंपनीची काढून दिली, "सब एक इच है मॅडम, लगा लो." मी लावून टाकली. मशीन सुरू झालं तेव्हा मी खोलीत एक गिरकी घेतली. पण थोडी चित्रं तयार झाली आणि पडदा निळा पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा. दुपार होत आली, उद्या रविवार, बाजार बंद. आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन, "तुझी खोली रंगवायला काढलीय. कुठला रंग देऊ?"

मी फोन ठेवून टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. त्या खोलीच्या रंगाचंच फार रडू आलं.

"काय झालं?" दारात प्रमिलाताई. "काम करताना पुटपुटत असतीस. आवाज वर येतो मला. आज बंद का पडला?"

मी सांगितलं. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं. "ह्या कुठल्या आणल्यास? अगं, ह्या चौघी एका जागी बसल्यात, पण त्या दोघी ह्या दोघींशी बोलायला तयार नाहीत. एका घरच्या पायजेत. थांब."

त्या वर गेल्या. परत यायला बराच वेळ लागला. आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकचं चपटं खोकं होतं आणि त्यात दोन कांड्या, माझ्यातल्या होत्या तशाच. "माझ्याकडे पडून होत्या," त्या म्हणाल्या. "घाल."

घातल्या. मी घाईनं काम सुरू करायला निघाले तर त्यांनी हात धरला. "आधी तपास. तपासल्याशिवाय क्लेम पास नाही करायचा." मेमरी तपासायचा प्रोग्राम त्यांनी शेवटापर्यंत चालवायला लावला. एकही चूक निघाली नाही. मग मशीन जे सुरू झालं ते रविवारी संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. ताई अधूनमधून येऊन कॅबिनेटला तळवा लावून बघायच्या, लेकराचा ताप बघावा तसं, आणि जायच्या.

सोमवारी नमुना गेला. आठवड्यानं उत्तर आलं. काम मला मिळालं होतं. पत्रात कंपनीच्या माणसानं पायऱ्यांवरच्या वेलींचा खास उल्लेख केला होता. मी बाबांना फोन केला, "खोलीला आवडेल तो रंग द्या. मी दिवाळीला येईन." बाबा म्हणाले, "पिवळा देतो. दिवाळीत चांगला दिसेल."

नंतर कधीतरी, डिसेंबरात, मी ताईंकडे गेले तेव्हा विमान हवेत होतं. मी सवयीनं स्टुलावर बसले. मांजरा आली, गाव आलं, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळं सपाट, तपकिरी. घरांच्या जागी नुसते चौकोन. एक झाड नाही.

"ताई, झाडं कुठे गेली?"

"उन्हाळा आहे," त्या म्हणाल्या.

"डिसेंबर आहे, ताई."

"तुझ्या इथं असेल. मांजरेला उन्हाळा आहे." आणि विमान वळवलं. ताई स्वतःच्या विनोदाला कधी हसत नसत, त्यामुळे हा विनोद होता की काय ते मला कळलं नाही. मीही हसून सोडून दिलं.

पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली वाकता येत नव्हतं म्हणून एक दिवस मला बोलावून म्हणाल्या, "मशीनमधली धूळ काढ जरा. पंखा रडायला लागलाय." त्या आतल्या खोलीत पडून होत्या. मी झाकण काढलं, ब्रश घेतला आणि तशीच बसून राहिले. मेमरीच्या चार घरांतली दोन रिकामी होती. धूळसुद्धा सगळीकडे सारखी बसली होती, म्हणजे ती बरेच महिने रिकामी असणार.

पडून होत्या, असं म्हणाल्या होत्या त्या. त्या शनिवारी वर जायला आणि यायला एवढा वेळ का लागला ते आता मला समजलं. त्यांनी आपलं मशीन उघडलं होतं. त्यांचं गाव माझ्या बावडीवरच्या वेलींना गेलं होतं. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, पण सगळ्यात जास्त जे वाटलं ते हे, की इतकं कुणी आपल्यासाठी करावं आणि वर त्याला उन्हाळा म्हणावं, हे आपल्या वाट्याला आलं. मी धूळ काढली आणि झाकण लावलं.

तशीच जोडी मिळायला वेळ लागला, कारण ती आता बाजारात येईनाशी झाली होती. सिकंदराबादच्या त्या दुकानदारालाच सांगून ठेवलं. "सर्वेयर मॅडम के वास्ते?" असं विचारून त्यानं कुठून कुठून शोधून काढली. नवी जोडी मी माझ्यात बसवली, नीट तपासली, आणि ताईंच्या कांड्या त्याच चपट्या खोक्यात घालून वर गेले.

ताई खुर्चीत बसून बघत होत्या. मी बांगडी काढली, पत्र्याला हात लावला, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. पुन्हा एकदा टक्.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"धूळ काढताना. ताई, तेव्हाच सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर घेतल्या असत्यास?"

"नसत्या घेतल्या."

"मग? माझं गाव कुठं पळून जायलंय? तुझा सोमवार पळून जायला होता."

त्यांनी विमान काढलं. बेगमपेट मागे पडलं, खडक आले, तळी आली, त्यांत आता आभाळ दिसत होतं. मग मांजरा. काठावर झाडीच झाडी, चिंचा आणि बाभळी, घरांना छपरं, छपरांना सावल्या. ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच हिरवं. ताईंनी एरवीसारखी एक घिरटी मारली, मग आणखी एक, मग आणखी.

"पाऊस झाला की ग," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या विनोदाला पहिल्यांदा हसल्या.

गेल्या उन्हाळ्यात प्रमिलाताई पुण्याला गेल्या, लेकीकडे. गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता. सामान ट्रकमधून गेलं, पण कॅबिनेट त्यांनी गाडीत शेजारी ठेवून घेतली आणि तिला पट्टा बांधला. मी जिथून आले तिथे त्या चालल्या होत्या आणि त्यांच्या हैदराबादेत मी राहणार होते. मला नीट निरोप देता येईना. शेवटी त्यांनीच काच खाली करून सांगितलं, "वर नवं बिऱ्हाड येईल. त्यांचे प्लगपॉइंट बघ." मी बघितले. वाईट होते. त्या बाई ट्रे घेऊन उभ्या राहिल्या आणि मला एकदम ताईंसारखं वाटलं.

परवा रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "पुण्याहून निघाले होते सकाळी," त्या म्हणाल्या. "मांजरेवरून आले. मग म्हटलं, एवढं आलोच आहोत तर नल्लकुंट्यावरून जाऊ. आत्ता तुझ्या गच्चीवर आहे बघ. कपडे वाळत नाहीत. धुतले नाहीस का आज?"

मी फोन कानाला तसाच धरून जिना चढले. गच्चीवर ऊन होतं, दोऱ्या रिकाम्या होत्या आणि आभाळात काही म्हणजे काही नव्हतं. मी वर बघून हात हलवला.

"दिसला का?" मी विचारलं.

"दिसला," ताई म्हणाल्या.